विश्लेषण : अमेरिकेत कम्प्युटर सायन्स शिकायचे, पण खर्च कोण उचलणार?

अनेक अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जांची मुदत डिसेंबरमध्ये संपते. प्रवेश मिळणे वेगळे आणि खर्चाची सोय होणे वेगळे. शैक्षणिक कर्जासाठी घर तारण ठेवण्यापूर्वी हा फरक समजून घ्यायला हवा.

एमएस आणि पीएचडीत फरक काय?
पीएचडीच्या प्रवेशासोबत बहुतेक मोठी विद्यापीठे शुल्कमाफी आणि विद्यावेतन देतात. त्या बदल्यात अध्यापन किंवा संशोधन सहायकाचे काम करावे लागते. एमएसचे बहुतांश विद्यार्थी स्वखर्चाने शिकतात. अनेक विद्यापीठांत बीई, बीटेकनंतर थेट पीएचडीसाठी अर्ज करता येतो.

अर्जात काय महत्त्वाचे?
पीएचडीसाठी गुणांइतकेच वजन शिफारसपत्रांना असते. ती साधारणपणे तीन लागतात. ‘हुशार, मेहनती’ एवढ्याने भागत नाही. प्रकल्पात विद्यार्थ्याने नेमके काय केले, हे प्राध्यापकांनी लिहायला हवे.

नोकरी करून शुल्क भरता येते का?
एफ-१ व्हिसावर सत्र सुरू असताना कॅम्पसवर आठवड्याला कमाल २० तास काम करता येते. त्यातून फार तर राहण्या-जेवणाला हातभार लागतो. शिवाय किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद आधीच दाखवावी लागते. त्यामुळे ‘तिथे गेल्यावर बघू’ हा हिशेब चालत नाही.

उत्तर कधी द्यावे?
‘कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’च्या ठरावात सहभागी विद्यापीठे आर्थिक मदतीच्या प्रस्तावावर १५ एप्रिलपूर्वी उत्तराची सक्ती करत नाहीत. तोवर मदत किती वर्षांची, शुल्क पूर्ण माफ की अंशतः, आरोग्य विमा कोण भरणार, हे लेखी विचारून घ्यावे.