प्रीॲम्प्लिफायर घरी बांधताना

चेन्नईत अण्णा सलाईवरून, म्हणजेच पूर्वीच्या माउंट रोडवरून, आपण रिची स्ट्रीटमध्ये वळलात की विजेच्या सुट्या भागांची दुकाने लागतात. मायक्रोफोनसाठी व्हॉल्व्हचा प्रीॲम्प्लिफायर घरी बांधण्याची हौस असेल, तर तेथे पाऊल टाकण्यापूर्वी पैसा कशावर घालावयाचा हे ठरवून घ्यावे. नवखे लोक नामांकित व्हॉल्व्हच्या मागे लागतात. आमच्या मते हे चुकते. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले. कोणत्याही चांगल्या कारखान्याचा निर्दोष ईसीसी ८३ पुरेसा आहे.

डायनॅमिक मायक्रोफोनकडून येणारा दाब जेमतेम काही सहस्रांश व्होल्ट असतो. एकास दहा प्रमाणाचा इनपुट ट्रान्सफॉर्मर तो दसपट करून ग्रिडला देतो, आणि व्हॉल्व्हची स्वतःची खरखर त्यामानाने मागे पडते. खरा खर्च येथे करावा. ट्रान्सफॉर्मरला म्यू-मेटलचे कवच असावे, नाही तर घरातील विजेची ५० आवर्तनांची घरघर त्यात शिरते.

जुन्या रेडिओतील कागदी कपॅसिटर मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. दमट हवेत ते ओल धरतात, मग प्लेटचा दाब त्यांतून पाझरून पुढील ग्रिडवर जातो. ४०० व्होल्टचे नवे पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावेत.

यादीतील सर्वांत स्वस्त वस्तू हमखास विसरली जाते: फिल्टर कपॅसिटरला समांतर जोडावयाचा ब्लीडर रेझिस्टर, २२० किलोओहम, २ वॅट. या यंत्रात २५० ते ३०० व्होल्ट खेळतात, आणि बटण बंद केल्यावरही तो भार कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. ब्लीडर असला तरी दोन मिनिटे थांबावे, मीटर लावून पाहावे, आणि मगच आत हात घालावा.