एवढंसं तर आहे!

संध्याकाळी घरी परतलेल्या माणसांनी विचारलं, "आज दिवसभर काय केलंस?" तर तुम्ही काय सांगता? बहुतेक जणी म्हणतात, "काही नाही, नेहमीचंच."

हे 'नेहमीचंच' जरा उलगडून बघू या. सकाळी गॅसवाला दारात आला. त्याला सांगायचा आकडा यांच्या फोनवर आणि हे लोकलमध्ये. दूध तापत असताना 'कर्ज हवंय का?' म्हणून दोन फोन आले. दुसऱ्या फोनला दूध उतू गेलं. वाणसामानाच्या दुकानात बिल करण्याआधी मुलीनं मोबाईल नंबर विचारला. बिस्किटांचा पुडा असा घट्ट चिकटवलेला, की सुरी लावली आणि निम्मी बिस्किटं ओट्यावर सांडली. दुपारी बँकेचा निरोप : केवायसी करा, नाहीतर खातं थांबेल. जरा पाठ टेकावी म्हटलं तर नव्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड सापडेना!

यातली एकही गोष्ट अशी नाही, की तिचं दुःख कुणापाशी सांगत बसावं. सांगितलंच तर उत्तर ठरलेलं : "एवढंसं तर आहे!" आणि ते खोटंही नाही. खडा लहानच असतो, पण तो चपलेत असला म्हणजे बाजारापर्यंतची वाट लांब होते.

आता कुणी म्हणेल, आजीच्या काळी पाटा-वरवंटा होता, रॉकेलचा स्टोव्ह होता, रेशनच्या रांगा होत्या. तुम्हांला कसली आली कटकट? खरं आहे. मिक्सर, कुकर, वॉशिंग मशीन यांनी आपले हात सोडवले, त्याबद्दल मी तरी रोज मनातल्या मनात नमस्कार करते. पण एक बदल आपल्या नकळत झाला आहे. पूर्वी जी कामं दुकानदार, कारकून, तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस करायचा, ती आता घरी आली आहेत. वाणी तोलून, कागदात बांधून द्यायचा. आता पुडा उलटा करून वजन आपण वाचायचं. बँकेतला कारकून अर्ज भरून घ्यायचा. आता अर्जही आपला आणि चूक झाली तर तीही आपलीच. ही सगळी बिनपगारी कारकुनी घरात कुणाच्या वाट्याला येते, ते सांगायला नकोच.

घरातल्या अडचणींना 'बायकांच्या कटकटी' म्हणण्याची रीत जुनीच. १९७२ मध्ये तेल, साखर, रॉकेल यांच्या टंचाईनं आणि महागाईनं मुंबईतल्या बायका त्रासल्या, तेव्हाही ती घरगुती कुरकुरच होती. पण मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे त्याच बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि त्या कुरकुरीची दखल सरकारला घ्यावी लागली. आज तुम्ही लाटणं घेऊन निघावं असं मी म्हणत नाही. पण कुठल्या कटकटी निमूट सोसायच्या, कुठल्या कायमच्या मिटवायच्या, एवढी निवड तर आपल्याला करता येईल?

पुड्यावरची बारीक अक्षरं

दहा रुपयांचा पुडा वर्षानुवर्षं दहा रुपयांनाच मिळतो. स्वस्ताई कशी टिकली म्हणून आपण खूश! पण आतली बिस्किटं मोजा. किंमत तीच, वजन मात्र हळूहळू उतरत आलेलं असतं. पूर्वी काही मालाची पाकिटं ठरावीक वजनाचीच काढावी लागत. ते बंधन २०२२ पासून उठलं. आता वजनाचा आकडा कसाही वाकडातिकडा असू शकतो, मात्र तो पाकिटावर छापलेला हवा.

तेलाची पिशवी घ्या. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पिशवी दिसायला लिटरचीच असली आणि आकडा त्याहून बराच कमी असला, तर ती लिटरची पिशवी नव्हे, हे ओळखावं.

दर वेळी असा हिशोब करत कोण बसणार? त्यासाठी एक सोपी सोय झाली आहे. छापील किमतीजवळच दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती पैसे पडतात, तोही आकडा आता छापलेला असतो. दोन पुड्यांचे ते आकडे शेजारी धरून पाहा. 'मोठं पाकीट स्वस्त' हा आपला समज दर वेळी खरा ठरत नाही. मी शाळेतल्या मुलांना दशांश अपूर्णांक शिकवताना रिकामे पुडे वर्गात नेते. मुलं हिशोब शिकतात आणि घरी जाऊन आईला सावध करतात.

छापील किंमत, म्हणजे एमआरपी, सगळे कर धरून असते. तिच्यावर 'थंड करण्याचे' दोन रुपये घेणं नियमात बसत नाही. पाकिटावर ग्राहकांच्या तक्रारीसाठी फोन नंबर आणि ई-मेलही असतो. तो शोभेसाठी नाही. एकदा तुपाच्या पिशवीचं तोंड नीट चिकटलेलं नव्हतं, निम्मं तूप सामानाच्या पिशवीत. मी बिलाचा आणि पिशवीचा फोटो काढून त्या पत्त्यावर चार ओळी पाठवल्या. आठ दिवसांत दुसरी पिशवी आली. भांडण नाही, तंडण नाही.

गॅसवाला दारात आला की

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. समजा ते १५.९ किलो आहे. तर भरलेला सिलिंडर ३०.१ किलो भरायला हवा. वजन करून मागण्याचा आपल्याला हक्क आहे आणि काटा आणणं हे आणणाऱ्याचं काम. "भाऊ, जरा वजन करून द्या" हे गोड शब्दांतही सांगता येतं. तोही बिचारा जिने चढून आलेला असतो, त्याला आधी पाणी विचारावं.

वरच्या कड्याखालच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष असतं, तेही बघा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ही त्या सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. ती उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करावा. गॅसचा वास आला तर शेगडी आणि रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये आणि घराबाहेर जाऊन १९०६ या नंबरावर फोन करावा. हा नंबर घरातल्या मुलांनाही पाठ हवा.

फोनची पिरपिर आणि बँकेचे निरोप

जाहिरातींचे फोन नको असतील तर १९०९ ला फोन करून तशी नोंद करता येते. सगळेच फोन थांबतात असं नाही, पण पुष्कळ कमी होतात. दुकानात नंबर मागितला तर "नंबर नको, बिल द्या" म्हणायला संकोचू नका. नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही असा हट्ट दुकानदारांनी धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक खात्यानं मे २०२३ मध्येच त्यांना कळवलं आहे.

बँकेचं केवायसी हे मात्र टाळण्यासारखं काम नाही. पण त्यासाठी दर वेळी शाळेतून रजा काढून रांगेत उभं राहण्याचंही कारण नाही. नाव-पत्ता यांत काही बदल झाला नसेल, तर 'बदल नाही' असं स्वतःचं निवेदन ई-मेलनं, नोंदवलेल्या मोबाईलवरून किंवा पत्रानं दिलं तरी चालतं, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. आणि निरोपातल्या दुव्यावर बोट ठेवू नका. बँकेच्या पासबुकावरचा नंबर बघून आपणच फोन करा. कुणी फसवलंच, पैसे गेलेच, तर रडत बसण्याआधी १९३० ला फोन करा. जितका लवकर कराल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

नंबर कुणाचा?

आता मुख्य मुद्द्याकडे येते. तुमच्या घरातला गॅस, बँक, वीजबिल, आधार, दवाखान्याचा विमा या सगळ्यांवर कुणाचा मोबाईल नंबर नोंदवला आहे? शंभरातल्या बऱ्याच घरी उत्तर एकच येईल : "यांचा." त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. अर्ज त्यांनी भरला, त्यांचा नंबर लिहिला, संपलं. पण त्यामुळे घर चालवणारी एक आणि ओटीपी येणार दुसऱ्याच्या खिशात, असा प्रकार होतो. मग दिवसातून तीनदा, "अहो, आकडा सांगा ना!" ते मीटिंगमध्ये, गॅसवाला घाईत आणि मध्ये आपण!

इथवर ही कटकटच आहे. पण कधी कधी ती कटकट राहत नाही. आमच्या शेजारच्या काकांना एका चौथ्या शनिवारी अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. बँक सोमवारपर्यंत बंद. खातं दोघांच्या नावे, पासबुक काकूंच्या कपाटात; पण कार्डाचा आकडा काकांनाच ठाऊक, काकांच्या फोनचं कुलूप काकूंना उघडता येईना, आणि प्रत्येक ओटीपी त्याच कुलूपबंद फोनवर! बत्तीस वर्षं ज्या बाईनं पै-पैचा हिशोब ठेवला, तिला स्वतःच्याच खात्यातले पैसे मिळेनात. मुलीनं रात्री धावपळ करून पैसे उभे केले. देवाच्या दयेनं काका बरे होऊन घरी आले. उठून बसू लागल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? काकूंना बरोबर घेऊन बँकेत गेले, तिच्या नावाचं वेगळं कार्ड मागून घेतलं आणि गॅसवर तिचा नंबर घातला. म्हणाले, "अगं, एवढंसं तर काम होतं!"

मैत्रिणींनो, खरंच एवढंसंच काम आहे. पण ते कुणाचं तरी आजारपण येण्याआधी करायला हवं. एक दुपार काढा आणि ही यादी घेऊन बसा :

गॅसची जोडणी कुणाच्याही नावे असो, एजन्सीत सांगून नंबर तुमचा नोंदवता येतो. सिलिंडर घेणारी तुम्ही, तर आकडाही तुम्हांलाच यावा.

तुमच्या आधारवर तुमचाच मोबाईल नंबर हवा. आधार केंद्रावर तो बदलून मिळतो. जुना, बंद पडलेला नंबर तसाच राहू देऊ नका. बंद झालेले नंबर काही काळानं दुसऱ्या माणसाला दिले जातात.

एक तरी बँक खातं असं ठेवा, की ज्यावर तुमचं नाव, तुमचं कार्ड आणि तुमचा नंबर आहे. त्यात फार पैसे नसले तरी चालतील, पण अडीअडचणीच्या दोन दिवसांपुरते असू द्यात.

एका वहीत ग्राहक क्रमांक, विम्याचे क्रमांक, वॉरंटीच्या तारखा लिहून ठेवा. बिलं त्याच वहीच्या खिशात. कार्डाचा गुप्त आकडा मात्र वहीत लिहू नका.

यजमानांशी हे बोलताना तक्रारीच्या सुरात बोलू नका. "तुमचे दिवसाचे चार फोन वाचतील" म्हणा, लगेच पटेल!

तक्रार करावी, कुरकुर नको

वस्तू खराब निघाली, पैसे जास्त घेतले, तर आधी दुकानदाराला शांतपणे सांगा. नाहीच ऐकलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. तिथे मराठीतूनही बोलता येतं. बिल जवळ ठेवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. त्याच्याही पुढे जायचं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीबद्दल तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. मुंबई ग्राहक पंचायतीनं १९७५ पासून मध्यमवर्गीय घरांना हेच शिकवलं, की ग्राहकानं शहाणं व्हावं आणि एकट्यानं नव्हे, चारचौघांनी मिळून व्हावं. तुमच्या भिशीत, हळदीकुंकवात पाच मिनिटं या गोष्टी बोलल्या, तर वाणातल्या डबीपेक्षा त्या जास्त दिवस उपयोगी पडतील.

आणि काही कटकटी सरळ सोडून द्या. न उघडणारा पुडा दातांनी ओढू नका. स्वयंपाकघरात एक कात्री खिळ्याला टांगून ठेवा आणि विसरून जा. सकाळच्या व्हॉट्सॲपवरच्या गुलाबाच्या फुलांवर चिडून उपयोग नाही. पाठवणाऱ्या आत्याबाईंची ती माया आहे!

बाकीच्या कटकटींना मात्र 'एवढंसं' म्हणून दारात घेऊ नका. रोजची पंधरा मिनिटं धरली तरी वर्षाचे नव्वदहून जास्त तास होतात. तेवढ्या वेळात एखादी नवी विद्या शिकून होते, दहा-बारा पुस्तकं वाचून होतात, नाहीतर दुपारची निवांत झोप तरी होते. तो वेळ आपला आहे, मागून घेतला तरच मिळेल. या रविवारी जेवणं झाल्यावर ती वही उघडा आणि पहिल्या पानावर आपला नंबर लिहा.