पलटणीतला पेला आणि गावातली बाटली

महिन्याचा पहिला आठवडा उजाडला, की बेळगावच्या बसस्थानकावर एक दृश्य हमखास दिसते. ताठ पाठीची, मिशा नीट कातरलेली माणसे हिरव्या कापडी पिशव्या सांभाळीत खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज अशा पाट्यांच्या गाड्यांत शिरत असतात. पिशवीत साबण, चहा, दाढीचे सामान, सुनेने सांगितलेला कुकर असतो. आणि सर्वांच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून मध्ये टॉवेल घातलेल्या बाटल्या असतात. गाडी खड्ड्यातून गेली की पिशवीतून बारीक किणकिण येते. कंडक्टर हसून म्हणतो, "सुभेदारसाहेब, जपून!" आणि सारी गाडी हसते. आम्हीही अनेकदा हसलो आहोत. आज त्या किणकिणीविषयीच लिहावयाचे आहे, आणि त्यात आमची स्वतःचीही एक कबुली आहे.

बडोदे, इंदूर, तंजावर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या वाचकांना आमच्या सीमाभागाचे हे अंग कदाचित ठाऊक नसेल. सीमावादामुळे बेळगाव-निपाणीचे नाव वर्तमानपत्रांत येते, ते निराळे. पण येथील मराठी घराला आकार दिला तो शेताने आणि पलटणीने. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण १७६८ साली उभी राहिली आणि १९२२ पासून तिचे प्रशिक्षण केंद्र बेळगावच्या कॅम्पात आहे. आमच्या खेड्यांतून भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी गणवेशातला फोटो नाही, असे घर शोधावे लागते. आमच्या शाळेत "मोठेपणी कोण होणार?" असे विचारले, की अजूनही निम्म्या वर्गाचे हात एकाच उत्तरासाठी वर जातात. म्हणून पलटणीच्या चालीरीती आमच्या गावांत उतरल्या. पहाटेचे उठणे उतरले, टापटीप उतरली, शब्दाला जागणे उतरले. आणि रमची बाटलीही उतरली.

सैन्य आणि मद्य यांचे नाते जुने आहे. इंग्रजी आरमारात खलाशांना रोज रम मिळत असे. त्या रमने शिस्त बिघडते असे पाहून अ‍ॅडमिरल व्हर्नन यांनी १७४० साली तीत पाणी मिसळण्याचा हुकूम काढला. तरीही हा रोजचा रतीब पुढे सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ चालला. तो बंद झाला ३१ जुलै १९७० रोजी. अमेरिकेच्या आरमाराने १९१४ मध्येच जहाजांवर दारूबंदी केली होती. हिंदुस्थानातील गोर्‍या सैन्याची तर दारूने फार हानी केली. ग्रेगसन नावाच्या मिशनर्‍याने १८६२ साली आग्र्याला सैनिकांची मद्यपाननिषेधक संस्था काढली आणि पुढे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी १८८८ मध्ये अशा संस्थांना एकत्र आणून सेनेची मद्यसंयमन संघटना उभी केली. म्हणजे ज्यांनी सैनिकाच्या हाती पेला दिला, त्यांनाच त्याची धास्ती वाटू लागली होती.

या प्रश्नाची एक मोठी गाठ आमच्या भागाशीही बांधलेली आहे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि १९४९ च्या कायद्यान्वये त्या राज्यात एप्रिल १९५० पासून पूर्ण दारूबंदी आली. गावात थेंबाला बंदी आणि सैन्याच्या मेसला व कॅन्टीनला सूट, अशी स्थिती झाली. हा भेदभाव नव्हे काय, असा आक्षेप बलसारा यांच्या गाजलेल्या खटल्यात निघाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली ही सूट वैध ठरविली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते, की सैन्याच्या परंपरा आणि राहणी निराळ्या असतात, दीर्घ अनुभवातून आलेल्या नियमांनी त्या बांधलेल्या असतात, आणि संकटाला सामोरे जाण्याचे धैर्य टिकविणे हा त्या नियमांचा हेतू असतो.

वाचकांनी यातील 'नियमांनी बांधलेल्या' हे शब्द लक्षात ठेवावेत. कारण पलटणीतला पेला खरोखरच बांधलेला असतो. त्याला वेळ असते, माप असते, सोबत असते आणि वर कोणाची तरी नजर असते. बड्या खान्याला अधिकारी, सुभेदार आणि जवान एकत्र जेवतात, पेला उचलतात. पण दुसर्‍या दिवशी पहाटे पी.टी.ला सगळ्यांनी उभे राहायचे असते. १९५० च्या सेना अधिनियमाचे ४८ वे कलम तर असे आहे, की कामावर असो वा नसो, नशेत सापडलेल्या जवानाला कैद होऊ शकते. आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार म्हणतात, "गुरुजी, पलटणीत आम्ही रम पीत होतो; रम आम्हाला पीत नव्हती."

थंडीचे कारण मात्र तपासून पाहावे लागते. रमने ऊब येते असे आमच्याकडे लहानथोर सारेच मानतात. प्रत्यक्षात मद्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंगाला ऊब भासते. पण त्याच वाटेने शरीरातली उष्णता बाहेर निघून जाते. हा समज पिशवीतून गावातही आला आहे. बाळाला सर्दी झाली की चमचाभर ब्रँडी पाजणार्‍या, छातीला रम चोळणार्‍या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. बाजारची दारू वाईट आणि 'मिलिटरीची' मात्र औषधी, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. डॉक्टरांना विचारल्यास ते सांगतील, की बाळाला मद्याचा एक चमचाही देऊ नये, मग ते कोणत्याही दुकानातले असो.

आता जवान निवृत्त होतो त्या दिवसाकडे पाहू. सतरा-अठरा वर्षे नोकरी करून तो पस्तिशी-चाळिशीत गावी येतो. पेन्शन असते, हातपाय धड असतात, पुढे अर्धे आयुष्य पडलेले असते. १९४८ साली स्थापन झालेल्या कॅन्टीन खात्याची सवलत त्याला मिळत राहते. ही सवलत योग्यच आहे. ज्याने उमेदीची वर्षे सीमेवर घालविली, त्याच्या घरात स्वस्त साबण आणि कुकर आला तर कोणाचे बिघडते? त्याच सवलतीत हुद्द्याप्रमाणे महिन्याच्या बाटल्या असतात. त्याला आमच्याकडे सारे जण 'कोटा' म्हणतात. कोटा तसाच राहतो. पण वेळ, माप, सोबत आणि नजर ही चारही पलटणीतच राहून जातात. पी.टी.ची शिटी आता वाजत नाही.

सर्वच माजी सैनिक पितात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमच्या गावाच्या भजनी मंडळात निम्मे जण पेन्शनर आहेत, आणि निवृत्तीनंतर पंढरीची माळ घालणार्‍यांची आमच्या भागात वाण नाही. आमची गोष्ट अशाच एका माळकरी हवालदाराची आहे.

हे गृहस्थ दारूला शिवत नसत. पण कोटा मात्र दरमहा न चुकता उचलत. कारण गावाला तो हवा असे. सात-बाराची नोंद अडली, एक बाटली. विजेचा खांब हलवायचा, एक बाटली. पाहुण्यांत लग्न, दोन बाटल्या. बाहेरच्यांना देण्यास मनाई असली, तरी "हवालदार, एवढे करा" असे म्हटले की त्यांना नाही म्हणवत नसे. कोणी पैसे देत, कोणी देत नसत. पेन्शन लागलेल्या माणसाचा मान गावात कशाने मोजला जातो, हे त्यांना कळून चुकले होते.

आणि एके दिवशी मागायला आम्ही गेलो. आमच्या घराचा स्लॅब पडायचा होता. स्लॅबच्या रात्री गवंड्यांना 'बसवायची' पद्धत आमच्याकडे आहे. आम्ही स्वतः कधी थेंब घेतला नाही, वर्गात दारूबंदीवर निबंध लिहून घेतले. पण दुकानाच्या पायरीवर कोणी पाहिले तर काय, म्हणून आम्ही हवालदारांच्या पडवीत गेलो आणि हळू आवाजात दोन बाटल्या मागितल्या. त्यांनी आतल्या काळ्या ट्रंकेतून त्या काढून दिल्या. पैसे घेतले नाहीत. "मुलांना शिकवलंत, गुरुजी," एवढेच म्हणाले. ट्रंकेला कुलूप नव्हते, हे आम्ही पाहिले. मनावर घेतले नाही.

पुढे दोन-अडीच वर्षांनी एका संध्याकाळी त्यांच्या पत्नी आमच्या घरी आल्या. धाकटा मुलगा आमचाच विद्यार्थी, पळण्यात शाळेत पहिला. भरतीसाठी पहाटे धावायला जाई. तो पहाटे उठेनासा झाला होता. त्या ट्रंकेतून आधी गंमत म्हणून, मग मित्रांना दाखविण्यासाठी आणि मग एकट्याने घेऊ लागला होता. बापाने पट्टा काढला तेव्हा तो म्हणाला होता, "सगळ्या गावाला देता, मग मलाच का नको?" वहिनी रडल्या नाहीत. आमच्या नव्या घराच्या पायरीवर बसून त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या घरात पिणारं कोणी नव्हतं. बाटली मात्र कधी सरली नाही."

त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. कदाचित आमच्या दोन बाटल्या त्यांच्या स्मरणातही नसतील. परंतु त्या स्लॅबखाली आम्ही रोज झोपतो.

दुसर्‍या दिवशी आम्ही हवालदारांकडे जाऊन आमचे त्या वेळचे मागणे चुकीचे होते असे त्यांच्या पत्नीसमोर सांगितले. पुढच्या महिन्यापासून त्यांनी किराणा तेवढा आणला. बाटल्या उचलणे बंद केले. गावाला ते रुचले नाही. "मिलिटरीवाले बदलले," असे पारावर बोलले गेले. एक-दोन कामे अडली, तीही खेपा घालून शेवटी झाली. मुलगा आज बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला आहे. भरतीचे वय निघून गेले. सवय अजून पुरती सुटलेली नाही. काही महिने बरे जातात, एखादा वाईट जातो. याहून गोड शेवट आमच्यापाशी नाही.

दारूविरुद्ध आमच्या सीमेच्या दोन्ही अंगांना लढे झाले. महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून 'बाटली आडवी' केली; कर्नाटकात २००७ साली सरकारने सारायीवर बंदी आणली. ते सारे दुकानाविरुद्ध होते. हवालदारांच्या घरातल्या बाटलीला मात्र दुकान नव्हते. ती मानाने आली होती, आणि तिला घराबाहेर ओढणारे हात प्रतिष्ठितांचे होते: तलाठ्याचे, लाइनमनचे, पाहुण्यांचे आणि मुख्याध्यापकांचे. पिणारा एकटाच दोषी ठरतो. मागणार्‍याचे नाव कोणी घेत नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी, आप्तांत, शेजारी कोणी ना कोणी सैन्यात असेल. त्यांना आमचे एवढेच विनवणे आहे. सुटीवर आलेल्या जवानाला "आमच्यासाठी काय आणलेस?" असे हसत विचारताना नजर त्याच्या पिशवीकडे जाऊ देऊ नका. निवृत्त झालेल्याला गावाच्या कामात घ्या; शाळेच्या मैदानावर पोरांना पळवायला बोलवा. आमच्या शाळेत आता दर शनिवारी सकाळी हवालदार येतात. शिटी त्यांची स्वतःची आहे, पलटणीतली. ती वाजली की पोरे रांगेत उभी राहतात, आणि मागे भिंतीला टेकून कधी कधी त्यांचा धाकटाही उभा असतो. अजून तो धावत नाही. पण आताशा शनिवारी पहाटे उठतो.