कागदपत्रांची पेटी घरीच बनवा

तुमच्या जमिनीचे खरेदीखत, वाटणीपत्र, पीककर्जाच्या पावत्या कुठे ठेवल्या आहेत? गादीखाली, की धान्याच्या कोठीवर? सातबारा आता संगणकावर मिळतो, पण जुना दस्त एकदा वाळवीच्या तोंडी गेला की गेला.

हे मी अनुभवाने सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः एक पेटी केली होती. तळाची फळी चारी बाजूंनी खिळ्यांनी घट्ट ठोकली. पावसाळ्यात ती फुगली, कोपरा उकलला आणि तिथून वाळवी शिरली. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळाली. पण मूळ कागदावरचा आजोबांच्या अंगठ्याचा ठसा काही परत आला नाही.

चूक कुठे झाली? लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण दमट हवेत रुंदीत फुगते. त्याला जागा ठेवावी लागते.

लाकूड : सुताराकडे सागाचे तुकडे मिळतात. तपकिरी गाभाच घ्या. कडेचा पांढरट भाग कीड खाते. बांधावरचा साग तोडायचा असेल, तर १९६४ च्या कायद्यानुसार आधी परवानगी घ्यावी लागते.

कृती : आतली लांबी १५ इंच, रुंदी १० इंच, बाहेरची उंची ६ इंच धरा. बाजूच्या फळ्या अर्धा इंच जाड असाव्यात. प्रत्येक फळीला आतून, वरच्या व खालच्या कडेपासून २ सूत सोडून, २ सूत रुंद व २ सूत खोल खाच पाडा. तळाची आणि झाकणाची फळी २ सूत जाड घ्या. तिचे रेषे लांबीकडे ठेवा आणि रुंदी सव्वादहा इंच करा. म्हणजे दोन्ही बाजूंस खाचेत एकेक सूत मोकळे राहील. ही फळी खाचेत नुसती बसवा. सरस किंवा खिळा लावू नका.

कोपरे नुसते भिडवून ठोकू नका. फळीच्या टोकात सरस नीट धरत नाही. खाच पाडून सांधा करा, सरस लावून दोरीने आवळा. गुण्या लावा. दोन्ही कर्ण सारखे भरले, तर पेटी काटकोनात आहे.

सरस वाळल्यावर वरून दीड इंचावर चहूबाजूंनी रेघ मारून बंद पेटीच करवतीने कापा. झाकण आपोआप बरोबर जुळते. मग बिजागऱ्या व कडी बसवा, खाली दोन पट्ट्या मारा.

बाहेरून जवसाचे तेल द्या. आतून नको, कागदाला डाग पडतात. तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नका, ते आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

पेटी भिंतीपासून दूर, फळीवर ठेवा. कागद कोरडे करूनच आत घाला आणि पावसाळ्यानंतर एकदा सारे उन्हाच्या उजेडात काढून पाहा. कोणता कागद कुठे आहे, हे घरातल्या बाईमाणसालाही ठाऊक असू द्या. प्रसंगी कागद शोधायची वेळ तिच्यावरच येते.