खाद्यतेलावरील जकात व लातूरचा मोंढा

परदेशी खाद्यतेलावर जकात वाढवावी असा प्रस्ताव पुढें आला कीं लातूरच्या मोंढ्यांत आशेचें वारें सुटतें. अडत्ये म्हणतात, आतां भाव चढणार. शेतकरी घरांतील पोतीं आणखी पंधरा दिवस ठेवून देतो. ही आशा सर्वस्वीं खोटी नाहीं. परंतु त्या जकातीचा किती भाग सोयाबीनच्या पोत्यापर्यंत पोंचतो, याचा हिशेब मांडल्यावांचून माल अडवून ठेवणें धोक्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

जकात कशी आकारतात तें प्रथम पाहूं. १४ सप्टेंबर २०२४ पासून सरकारनें कच्चें पाम, सोयाबीन व सूर्यफूल या तेलांवर शेंकडा २० मूळ जकात बसविली; त्यापूर्वीं ती शून्य होती. तिच्या जोडीस कृषि अधोसंरचना अधिभार शेंकडा ५, आणि या दोहोंच्या बेरजेवर समाजकल्याण अधिभार शेंकडा १०. जमीनमहसुलावर जसा स्थानिक उपकर चढतो, तशीच ही जकातीवर जकात होय. सर्व मिळून शेंकडा २७.५ झाली. रिफाइंड तेलावर ती ३५.७५ पर्यंत गेली. आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलाचा मोठा वांटा बाहेरूनच येतो; तेव्हां तेलाचे भाव चढले यांत नवल नाहीं.

सोयाबीनचा भाव मात्र त्यामागोमाग चढून टिकला नाहीं. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि मोंढ्यांत माल त्याहून खालीं विकला जात होता. याचें कारण दाण्याच्या पोटांतच आहे. एक क्विंटल सोयाबीन गाळलें असतां तेल सुमारें १८ किलो निघतें. पेंड मात्र ८० किलोंच्या आसपास. भुईमुगाच्या दाण्यांत निम्म्याच्या जवळपास तेल असतें, तशी सोयाबीनची गोष्ट नाहीं. खरें पाहतां हें पेंडीचें पीक आहे; तेल तिच्याबरोबर मिळतें इतकेंच.

उदाहरणार्थ असें समजूं कीं, बंदरावर तेल किलोस १०० रुपयांस पडतें व एकूण जकात ११ टक्क्यांनीं वाढली. किलोमागें ११ रुपये, म्हणजे १८ किलोंस १९८ रुपये. कारखानदारानें व अडत्यानें त्यांतील एक पैसाही ठेविला नाहीं असें धरलें (तसें सहसा घडत नाहीं), तरी क्विंटलमागें लाभ दोनशें रुपयांपलीकडे जात नाहीं. उलट पेंड किलोमागें अवघे ५ रुपये उतरली तर ८० किलोंवर ४०० रुपये गेले. २०२४ च्या हंगामांत याच जातीचा प्रकार झाला. जगांत सोयाबीन विपुल पिकलें होतें. शिवाय इथेनॉलच्या कारखान्यांत मका व तांदूळ यांचा जो चोथा उरतो, तो कोंबड्यांच्या खाद्यासाठीं पेंडीहून स्वस्त मिळूं लागला. तेलावर कितीही जकात बसविली तरी या चोथ्यास ती अडवूं शकत नाहीं. म्हणून जकातीची वार्ता ज्या दिवशीं येईल, त्याच दिवशीं पेंडीचाही भाव विचारावा.

कारखानदारांविषयींही एक गैरसमज आहे. त्या सर्वांचें हित एकच, असें आपण धरून चालतों. लातूरकडील कारखाना दाणा गाळतो. बंदराजवळील कारखाना परदेशी कच्चें तेल आणून शुद्ध करतो. पहिल्यास कच्च्या तेलावर भारी जकात हवी. दुसऱ्यास कच्चें व रिफाइंड यांच्या जकातींत मोठें अंतर हवें. मे २०२५ च्या अखेरीस सरकारनें कच्च्या तेलावरील मूळ जकात २० वरून १० वर आणली, एकूण १६.५ झाली. रिफाइंडची तशीच राहिली. अंतर ८.२५ वरून १९.२५ झालें. त्यानें बंदरावरील कारखान्यांस काम मिळालें आणि गाळणाऱ्यांचें संरक्षण उणें झालें. ‘तेलउद्योगाची मागणी’ असें वर्तमानपत्रांत वाचतांना ती या दोघांपैकीं कोणाची, हें पाहिलें पाहिजे.

आम्हांस सर्वांत अधिक खटकतें तें दराचें अस्थैर्य. सप्टेंबर २०२४ ते मे २०२५ हें अंतर साडेआठ महिन्यांचें. ज्या व्यापाऱ्यानें चढ्या जकातीच्या भरंवशावर माल भरला, त्याचा हिशेब गोदाम रितें होण्यापूर्वींच बदलला. १९३२ सालीं साखरेस संरक्षण दिलें तेव्हां त्याची मुदत १९४६ पर्यंत कायद्यांतच घातली होती. त्याच सालीं सासवडच्या माळी बागाइतदारांनीं आपली कंपनी काढली व पुढें माळीनगरास साखर कारखाना उभारला. साडेआठ महिन्यांच्या जकातीवर असें साहस कोण करील?

तेव्हां शेतकऱ्यांच्या संघांकडून सरकारकडे निवेदन जाईल तेव्हां जकात किती असावी एवढेंच मागून भागणार नाहीं. पेरणीपासून माल विकला जाईपर्यंत दर बदलूं नये, हेंही त्यांत स्पष्ट लिहावें. गाळणाऱ्या कारखानदारांस ही मागणी जड वाटण्याचें कारण नाहीं. हंगामांत भरलेल्या दाण्यांत त्यांचेंही भांडवल अडकलेलें असतें.