शेवटच्या रांगेपर्यंत शब्द

काही वर्षांपूर्वी एका नव्याकोऱ्या सभागृहात माझे व्याख्यान झाले. गुळगुळीत भिंती, चकचकीत फरशी, मोठमोठे कर्णे. कार्यक्रमानंतर शेवटच्या रांगेतले एक आजोबा भेटले. म्हणाले, "आवाज आला हो तुमचा, शब्द मात्र पोहोचले नाहीत."

श्रोतेहो, आवाज आणि शब्द यांतला हा फरक दोन हजार वर्षांपूर्वी विट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने नेमका ओळखला होता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात त्याने वास्तुकलेवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या पाचव्या खंडात नाट्यगृहांचा विचार आहे. पाण्यात दगड टाकला की वलये उठतात, तसाच आवाज पसरतो; पाण्याची वलये आडवीच जातात, आवाज मात्र वरही चढतो, असे तो सांगतो. म्हणून पायऱ्या अशा चढत्या हव्यात, की खालपासून वरपर्यंत दोरी ताणली तर ती प्रत्येक पायरीच्या कडेला टेकावी. मग आवाज वाटेत अडत नाही.

काही जागी आवाज घुमत राहतो आणि शब्दांच्या शेवटच्या विभक्ती हरवतात, अशी त्याची तक्रार आहे. लॅटिन ही मराठीसारखीच प्रत्ययांची भाषा. 'रामाने' की 'रामाला' हेच ऐकू आले नाही, तर कोणी कोणाला मारले हे कळणार कसे?

आज याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. भिंतीवरून परतलेला आवाज सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागाच्या आत आला, तर मूळ आवाजात मिसळून त्याला बळ देतो. उशिरा आला तर पुढच्या शब्दावर चढतो. एवढ्या वेळात आवाज सुमारे १७ मीटर जातो. रोमन नट उंच दगडी भिंतीच्या पुढ्यातच उभे राहत, त्यामुळे तिचे उत्तर लगेच येई. फ्रान्समधल्या ओरांज गावी अशी १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच भिंत अजून उभी आहे.

विट्रुव्हियसने आणखी एक युक्ती सांगितली आहे. पायऱ्यांमधल्या कोनाड्यांत मध्यम, पंचम, सप्तक अशा अंतरांनी जुळवलेली काशाची भांडी उपडी ठेवावीत. रोममध्ये मात्र अशी भांडी नाहीत, हेही तोच कबूल करतो. इ.स.पू. १४६ मध्ये कॉरिंथ जिंकणाऱ्या मम्मियसने तिथल्या नाट्यगृहातली भांडी लुटून रोमला नेली, ती देवळात वाहण्यासाठी! तसेही भांडे स्वतःची शक्ती घालत नाही. आलेलीच थोडी परत देते. खरे काम चढाचे आणि भिंतीचे.

सम्राट ऑगस्टसच्या काळात स्त्रियांना सर्वांत वरच्या रांगांत बसावे लागे. समाजाने त्यांना मागे बसवले, पण विट्रुव्हियसची दोरी वरच्या पायरीपर्यंत जात होती. सभागृह बांधताना आपण आधी खुर्च्या मोजतो. त्याऐवजी उद्घाटनापूर्वी एखाद्या आजोबांना शेवटच्या रांगेत बसवावे आणि कर्णे बंद ठेवून विचारावे, "आजोबा, प्रत्यय ऐकू आला का?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)