कोनमापनाची एकके व त्यांचे रूपांतर

कोनमापनाची एकके व त्यांचे रूपांतर : एका बिंदूतून निघणाऱ्या दोन किरणांपैकी एक किरण दुसऱ्याशी जुळण्यासाठी त्या बिंदूभोवती जितका फिरवावा लागतो, त्या परिभ्रमणाच्या मापास कोनमाप म्हणतात. संपूर्ण परिभ्रमण हे निसर्गसिद्ध माप आहे; त्याचे किती भाग करावयाचे, हे मात्र सोयीनुसार ठरविले जाते. यामुळे कोनमापनाच्या निरनिराळ्या पद्धती रूढ झाल्या असून त्यांतील तीन प्रमुख आहेत.

षष्टिमान पद्धती : हीत संपूर्ण परिभ्रमणाचे ३६० अंश मानतात. १ अंश म्हणजे ६० मिनिटे (कला) व १ मिनिट म्हणजे ६० सेकंद (विकला) होत. प्राचीन बॅबिलोनियातील ६० या पायावरील संख्यालेखनापासून ही विभागणी आली. भारतीय ज्योतिषशास्त्रातही ३० अंशांची एक राशी व १२ राशींचे एक चक्र असे मान आहे.

शतमान पद्धती : फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात दशमान मापनपद्धतीबरोबर ही पुढे आली. हीत काटकोनाचे १०० ग्रेड होतात. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे १ मीटर, अशी मीटरची मूळ कल्पना असल्याने रेखावृत्तावरील १ ग्रेड कोनाचे अंतर सु. १०० किमी. भरते. यूरोपातील काही देशांत भूसर्वेक्षणात हे एकक वापरतात.

वर्तुळीय पद्धती : वर्तुळाच्या त्रिज्येइतक्या लांबीच्या कंसाने केंद्राशी केलेला कोन म्हणजे १ रेडियन होय. परीघ त्रिज्येच्या २ पाय पट (पाय = ३·१४१६ सु.) असल्याने संपूर्ण परिभ्रमण २ पाय रेडियन असते. ‘रेडियन’ ही संज्ञा जेम्स टॉमसन यांनी १८७३ मध्ये बेलफास्ट येथील एका प्रश्नपत्रिकेत छापील स्वरूपात वापरली. मूळ कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. आर्यभटांच्या आर्यभटीय (इ. स. ४९९) या ग्रंथातील ज्यासारणीत परीघ २१,६०० कला व त्रिज्या ३,४३८ कला धरलेली आहे, १ रेडियन कोनात सु. ३,४३७·७५ कला असतात. कंस व ज्या एकाच एककात मोजल्यामुळे २२५ कलांच्या लहान कंसाची ज्याही २२५ कलाच येते.

रूपांतर : अर्धपरिभ्रमण सर्व पद्धतींत एकच असल्याने १८० अंश = २०० ग्रेड = पाय रेडियन, या एका समीकरणावरून सर्व रूपांतरे करता येतात. अंशांना पायने गुणून १८० ने भागल्यास रेडियन मिळतात आणि रेडियनांना १८० ने गुणून पायने भागल्यास अंश मिळतात. उदा., ७५ अंश म्हणजे ५ पाय/१२, म्हणजे सु. १·३०९ रेडियन. तसेच १ अंश = ०·०१७४५३ रेडियन, १ रेडियन = ५७° १७′ ४५″ (सु.) आणि १ ग्रेड = ०·९ अंश = ५४ मिनिटे.

मिनिटे व सेकंद यांचे दशांश अपूर्णांक करताना मिनिटांना ६० ने व सेकंदांना ३,६०० ने भागून अंशांत मिळवितात. पुण्याचा अक्षांश १८° ३१′ (सु.) आहे, तो दशांशात १८·५१७ अंश होतो. तो नजरचुकीने १८·३१ असा लिहिल्यास १२·४ मिनिटांची चूक होते. अक्षांशातील १ मिनिट म्हणजे सु. १ सागरी मैल (१·८५२ किमी.) असल्यामुळे नकाशावरील स्थान सु. २३ किमी. दक्षिणेस सरकते. नौकानयन व सर्वेक्षण यांत अशी चूक घातक ठरू शकते.

एककाची निवड : दिशा, अक्षांश-रेखांश व बांधकाम यांत अंश सोयीचे असतात, कारण काटकोनाचे नेहमीचे विभाग पूर्णांकांत मिळतात. कंसाची लांबी = त्रिज्या × कोन, लहान कोनाची ज्या जवळजवळ त्या कोनाइतकी असते आणि ज्या-फलनाचे अवकलन केल्यास कोज्या-फलन मिळते, हे नियम मात्र कोन रेडियनमध्ये असेल तरच खरे असतात; अंश वापरल्यास प्रत्येक ठिकाणी पाय/१८० हा गुणक घालावा लागतो. म्हणून उच्च गणित व भौतिकी यांत रेडियनच वापरतात. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत १९६० मध्ये रेडियनला पूरक एकक मानले होते. १९९५ पासून ते परिमाणहीन साधित एकक मानले जाते.

इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रावर एकक निवडण्याची सोय असते. ३० अंशांची ज्या ०·५ आहे. परंतु यंत्र रेडियनवर ठेवले असता ३० या संख्येसाठी ते –०·९८८ हे उत्तर देते. यंत्र चूक दर्शवीत नसल्याने आकडेमोडीपूर्वी एकक तपासणे आणि उत्तर अपेक्षित मर्यादेत आहे की नाही हे पाहणे आवश्यक असते.